तिसरा हात

खाडगाव रोडच्या मागं, हालकुड्यांच्या तीन मजल्यांत
सतरा नंबरची खोली मी दर मे महिन्यात रंगवतो.
डब्यावर रंगाचं नाव काहीतरी हस्तिदंती असतं.
मालक म्हणतात, दस्तगीर, पांढरा मार, पोरी येतील आता.

लातुरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही
म्हणून गच्चीवर टाक्या सहा.
त्यातली एक पाझरते.
तहानलेल्या गावात ही एक भिंत बारमाही ओली,
हे मी चहाच्या गाड्यावर हसून सांगायचो.

कपाटामागून सुरू होतं.
आधी तिळाएवढं.
मग तान्ह्याच्या गालाला लावतात तेवढी तीट.
मग एक दिवस कपाट सरकवावं
तर पाठीमागं अख्खी रात्र बसलेली,
आणि वास, सादळलेल्या पिठाच्या डब्यासारखा.

यंदा खोली रिकामी नव्हती.
परीक्षा झाली तरी शिवकन्या थांबलेली,
निलंग्याकडची, पुन्हा बसायचं ठरवून.
मी पट्टीनं पोपडे खरवडायला घेतले
आणि ती शिंकायला लागली.
सात. मी मोजल्या.
मग खोकला, कोरडा,
रिकाम्या डब्यात खडे हलवल्यासारखा.
मग उशीखालून निळा पंप.

श्वास सापडल्यावर म्हणाली,
"काणी हाय की ही, काका.
आमच्या ज्वारीला धरते तसली.
कणीस हलवलं की काळी पूड उडते बगा,
तसंच हितं उडलालंय,
निस्तं दिसंना."

दिवाळीत गावी गेली, चार दिवसांत खोकला थांबला.
परत आली, आठवड्यात तोही आला.
डॉक्टरनं विचारलं, धूळ? मांजर? घरात कुणाला दमा?
भिंतीचं विचारलं नाही.
आई म्हणते अभ्यासाचा धसका.
आणि आफरीनला, तीन फुटांवरच्या कॉटवर, वर्षभर
काही म्हणजे काही नाही,
ती तर भिंतीलाच टेकून झोपायची.
मालकांचं बोट तिथंच:
भिंतीचं असतं तर दोघी खोकल्या असत्या.

बिब्बा काय सगळ्यांनाच उततो?

मला औषधातलं कळत नाही.
भिंतीतलं कळतं.
तिसरा हात वाळला की ती गोरी दिसते,
गणपतीपर्यंत टिकते,
तोवर डिपॉझिट घेऊन झालेलं असतं.
माझ्याही छातीत पहाटे कुणी गंजलं दार ढकलतं.
बायको म्हणते बिडी.
बिडी सुटून नऊ वर्षं झाली.

"जा पोरी, जिन्यात बस," म्हणालो.
तोंडाला रुमाल बांधला, फडकं भिजवलं.
कपाट पुरतं ओढलं तेव्हा दिसली
खिडकी.
या खोलीला खिडकी होती.
चौकट आणि झडप एकाच रंगात चिकटून बसलेली,
आणि तो ब्रश माझाच. कोपऱ्यात
माझ्या ब्रशचा तुटका केस अजून अडकलेला.

पट्टी घालून फट फिरवली.
तीन बाजू सुटल्या, चौथीला गुडघा लावला.
बाहेर दीड हातावर शेजारच्याची भिंत, एक पाइप,
आणि तेवढ्यातून
तापलेला का होईना, वारा.

मालकांना फोनवर म्हणालो, आधी टाकी बघा.
ते म्हणाले, तू पेंटर का इंजिनिअर?
खरं आहे. मी पेंटर.
उद्या दुसरा कुणी बोलावतील,
तोही बिचारा पोटासाठी पांढराच मारेल.

बाकीच्या तीन भिंती केल्या, दोन-दोन हात.
ती एक खरवडून, पुसून उघडी ठेवली,
येणाऱ्या आईबापांना दिसावी अशी.
मग गच्चीवर गेलो
आणि टाकीच्या बुडाखाली
हात धरून उभा राहिलो.

खालून खोकल्याचा आवाज आला.
थांबला.
थेंब मात्र पडत होते.